पोलिसांची नौका आणि दिल्लीचे अनुदान

आपल्या राज्यघटनेने पोलीस हा विषय राज्यांकडे सोपविला आहे. मग रायगडच्या किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या नौकेसाठी दिल्लीच्या तिजोरीतून पैसा का यावा, हा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर १९९३ साली मिळाले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे प्राणास मुकली. किनारा एका जिल्ह्याचा. संकट मात्र साऱ्या देशाचे.

केंद्राने २००५ साली सागरी सुरक्षा योजनेचा पहिला टप्पा मंजूर केला. त्यात देशभर ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ नौका होत्या. २००८ साली ‘कुबेर’ नावाची मच्छीमार नौका बळकावून हल्लेखोर मुंबईत शिरले, तेव्हा एवढे पुरेसे नाही हे दिसून आले. २०११ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात आणखी १३१ ठाणी आणि ६० धक्के धरण्यात आले. मांडवा आणि दिघी येथे आज सागरी पोलीस ठाणी आहेत.

आता अनुदानाची घडण पाहू. इमारत, वाहन, नौका हा एकदाच होणारा खर्च. पहिल्या टप्प्याच्या आरंभीच्या मंजुरीत तो ४०० कोटी रुपये होता. इंधन, दुरुस्ती आणि प्रशिक्षण यांसाठी १५१ कोटी ठेवले होते, तेही पाच वर्षांपुरते. मनुष्यबळ द्यायचे ते राज्यानेच. घरात म्हैस कोणी दान दिली, तरी पेंढ आणि वैरण रोज आपल्यालाच आणावी लागते, तसाच हा व्यवहार आहे. खारे पाणी यंत्राला स्वस्थ बसू देत नाही. डिझेल संपले की गस्तही संपली.

आणि नौकेवरचा माणूस? जमिनीवरच्या नोकरीसाठी भरती झालेल्या शिपायाला लाटांवर रात्र काढावयाची असते. बोट लागणे, अपुरी झोप, पाठीचे दुखणे हे त्याचे सोबती. आजारपणासाठी महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना आहे. परंतु आजार येऊ नये म्हणून पाळ्यांची नीट वाटणी, वेळेवर रजा, पोहण्याचे शिक्षण आणि नियमित तपासणी लागते. या गोष्टींचे उद्‌घाटन होत नाही, म्हणून त्या मागे पडतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ एक निर्मनुष्य नौका लागली. तीत तीन एके-४७ रायफली सापडल्या. घातपाताचा हेतू आढळला नाही, हे आपले सुदैव. पण ती वाहत वाहत थेट किनाऱ्यापर्यंत आली, हे विसरता येत नाही.

म्हणून आम्हांस वाटते, अनुदान जरूर घ्यावे; ते आपल्याच करांचे आहे. मात्र नौका किती मिळाल्या हे विचारून नागरिकांनी थांबू नये. गेल्या महिन्यात त्या किती रात्री समुद्रात होत्या, आणि त्यांवरची माणसे किती दिवस घरी गेली, हेही विचारावे.