पिला हाऊसची फेरी

दांडीहून मुंबईस जाऊन आलेल्या माणसास काय पाहिले म्हणून विचारावे, तर तो महालक्ष्मी सांगेल, राणीची बाग सांगेल. पिला हाऊस पाहून आलो असे चारचौघांत सांगणारा आम्हांस अद्याप भेटलेला नाही. आज ते आम्हीच सांगतो, आणि तेही भगिनीवर्ग समोर असताना. कारण त्या वस्तीचा विषय आमच्या कामगार चळवळीचाच आहे, असे आमचे मत बनले आहे.

पहिल्याने नाव. त्यात पिवळे काही नाही. इंग्रजांच्या ‘प्ले हाऊस’ला, म्हणजे नाटकघराला, मुंबईच्या जिभेने दिलेले हे रूप. कोटातले जुने नाटकघर गेल्यावर नवे उभे राहिले ते ग्रँट रोडला, जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर, 1846 साली. साहेबलोकांना ती जागा लांब आणि गैरसोयीची वाटे. त्यांनी पाठ फिरवली तसा आपल्या लोकांचा शिरकाव झाला. 1853 साली सांगलीच्या विष्णुदास भाव्यांचे खेळ येथे झाले, त्याच वर्षी पारशी मंडळींनीही येथेच नाटक केले. मागाहून व्हिक्टोरिया, एल्फिन्स्टन, रिपन अशी थिएटरे उठली. रिपनचेच पुढे आल्फ्रेड टॉकीज झाले. त्याच्या दाराशी अगदी अलीकडेपर्यंत हाताने रंगवलेली पोस्टरे लागत.

याच दशकात जपानात काय चालले होते पाहा. 1842 च्या सुमारास सरकारने सुधारणेच्या नावाखाली एदो शहरातली, म्हणजे आजच्या टोकियोतली, काबुकी नाटकगृहे उचलून आसाकुसा या कडेच्या भागात नेली. योशिवारा ही वेश्यावस्ती तेथून जवळच. आपल्याकडेही पिला हाऊसला लागूनच कामाठीपुरा. करमणूक हवी, पण ती आपल्या दाराशी नको, हे दोन्हीकडच्या प्रतिष्ठितांचे म्हणणे एकच.

वस्तीतून जाणाऱ्या फॉकलंड रोडला आता पठ्ठे बापूराव मार्ग म्हणतात. रेठऱ्याच्या कुलकर्ण्यांचा हा मुलगा जात झुगारून तमाशात आला. मुंबई त्याच्या कवनांसाठी लोटे, आणि तितकीच पवळेसाठी. बापूराव 1945 साली विपन्नावस्थेत वारले. मार्गाला नाव तरी मिळाले. पवळेच्या नावाची पाटी आम्ही त्या भागात हिंडून शोधली, दिसली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे उचल. तमाशाच्या फडात कलावंत हंगामाआधी मालकाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत फडाशी बांधला जातो. आपल्या जिल्ह्यात वीटभट्टीवर जाणारी कातकरी जोडपी हेच करतात. लग्नासाठी कर्ज काढून सावकाराकडे राबणाऱ्यास आपल्याकडे लगीनगडी म्हणत, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. जपानातही बापाच्या हातावर आधी रक्कम ठेवून मुलगी आणली जाई. क्योतोच्या गिऑन वस्तीतल्या रेशमी किमोनोंची चित्रे आपण पाहतो. पण तो किमोनो, शिकवणी आणि जेवण, सारे ज्या घरात ती मुलगी राहते त्या घराचे असते, आणि तो खर्च तिच्या मिळकतीतून वसूल होतो. 1955 साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. बापाने कर्ज घेतले होते आणि ते फेडण्यासाठी कोवळ्या मुलीस गिऱ्हाइकांना दारू देण्याच्या कामास लावले होते. न्यायालयाने करार तर रद्द ठरवलाच, शिवाय दिलेले कर्जही परत मागता येणार नाही असे सांगितले. वेठबिगारीविरुद्धचा आपला कायदा 1976 चा. त्यानेही जुने कर्ज बुडीतच ठरवले. कायदा झाला, उचल मात्र राहिली आहे, भट्टीवरही आणि फडातही.

परतताना एका चहाच्या दुकानी पूर्वी ढोलकी वाजवणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. दौलतजादा कसा वाटला जाई, असे आम्ही विचारले. “आधी मालकाचा वाटा, मग बाईंचा, मग आमचा,” ते म्हणाले. “मग युनियन का केली नाहीत?” आमच्या धंद्याचा प्रश्न, तो तोंडून गेलाच. ते हसले. “तुम्ही लोक सभा ठेवणार संध्याकाळी सातला. सातला आमच्या बायका घुंगरू बांधायच्या. दुपारी तीनला ठेवली असती, तर आलो असतो.”