बाहेरचं की आतलं?
मन, देव आणि दवाखाना : लेखांक ६

वऱ्हाडात एखाद्याची झोप उडाली, जेवण तुटलं, तो एकटाच बडबडू लागला, की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं : ‘याले बाहेरचं झालं.’ गावातला जाणता दोरा बांधतो, लिंबू उतरवतो. गुण आला नाही, तर अकोल्या-अमरावतीकडची माणसं एसटी धरून बुलढाणा जिल्ह्यातलं पिंपळगाव सराई गाठतात. तिथल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर हिंदू भाविकही मोठ्या संख्येने येतात. होळीच्या सुमारास यात्रेत नारळांची होळी पेटते आणि रोग्यावरून उतरवलेले कपडे, लिंबं, बिब्बे तिच्यात पडतात. मानसोपचारतज्ज्ञाची पाळी या वाटेवर फार उशिरा येते.

याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं शहरी वाचकाला सोपं जातं. पण ‘बाहेरचं’ या निदानात एक मोठी सोय आहे. ‘वेडा’ म्हटलं की सोयरीक तुटते, धाकट्या बहिणीचं लग्न अडतं. ‘बाहेरचं’ म्हटलं की दोष रोग्यावर येत नाही, उलट सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं. सुनेला सासरी एरवी जे बोलता येत नाही, ते अंगात आल्यावर बोलता येतं आणि सासरा हात जोडून ऐकतो! अंगात येणं म्हणजे आजारच, असं जागतिक आरोग्य संघटनाही मानत नाही. २०२२पासून लागू झालेल्या तिच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, अंगात येण्याला आजार म्हणायचं तर ते माणसाच्या इच्छेविरुद्ध घडलेलं हवं, त्याला त्रास देणारं हवं आणि समाजमान्य धार्मिक रिवाजातलं नको, अशा अटी आहेत. नवरात्रात देवीपुढे घुमणारी बाई तेवढ्यावरून रुग्ण ठरत नाही.

देवाच्या नावाने जमणाऱ्या गर्दीचंही तसंच, तिलाही सरसकट अडाणीपणा म्हणता येत नाही. श्रावणात अकोल्यातले तरुण गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीत भरून राजराजेश्वराला आणतात. रात्रभर चालून खांदे सोलवटतात, तरी पुढच्या वर्षी तीच पोरं पुन्हा कावडीखाली. कावडीने मनावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास झालेला दिसत नाही. पण प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर थंडीत राहणाऱ्या कल्पवासींचा भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी केला. २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. मेळ्याहून परतलेल्यांना, घरीच राहिलेल्यांच्या तुलनेत, आपली तब्येत आणि मन अधिक बरं वाटत होतं.

मग देवावर भरवसा असला की मन ठीक राहतं, असं समजायचं का? तसंही नाही. केनेथ पार्गामेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने संकटातल्या श्रद्धेच्या दोन तऱ्हा दाखवल्या. ‘देव पाठीशी आहे’ असं वाटणारा माणूस सहसा सावरतो. ‘देव कोपला, हे माझ्याच पापाचं फळ’ असं मानणारा आणखी खचतो. सोयाबीन पाण्याखाली गेलं, सावकार दारात उभा राहिला, की या दोन वाक्यांतलं अंतर शेतकऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

याच शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ‘संगाथ’ संस्थेने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला. डॉक्टर गावात येईल, ही आशा त्यांनी आधीच बाजूला ठेवली होती. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवलं. ते छोट्या बैठका घेत, ताणाबद्दल बोलतं करत, खचलेल्याला धीर देत. त्यांच्यावर प्रशिक्षित समुपदेशक आणि शेवटी, गरज पडली तरच, मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीच्या पाहणीत नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचार शोधणारे होते ४.३ टक्के. दीड वर्षाने ते २७.२ टक्के झाले. ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ने २०१७ साली हे आकडे छापले. तरी चारातले जवळपास तीन बाहेरच राहिले, हेही त्याच आकड्यात आहे.

चार माणसांनी एकत्र बसावं, ही रीत अमरावतीला नवी नव्हती. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थना गावोगावी नेली, तेव्हा जात-पंथ विसरून सांजवेळी एका सतरंजीवर बसणं हाच तिचा गाभा होता. प्रार्थनेने नैराश्य बरं होतं, असा दावा इथे नाही. पण ज्या माणसाला रोज संध्याकाळी कुणी तरी ‘काल काहून नाही आला?’ असं विचारतं, तो एकटा पडत नाही.

जिथे श्रद्धा औषध तोडते, तिथे मात्र समजूतदारपणा संपला पाहिजे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळताच आलं नाही. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं गुन्हा ठरवलं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मनोरुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली.

उत्तम तोड गुजरातेत निघाली. उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांनाच आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं आणि आवारातच डॉक्टर बसवला. दुआ चालू, दवाही चालू. वऱ्हाडातल्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी आणि जिल्हा रुग्णालयांनी एकत्र बसून हे करायला काय हरकत आहे?

दोरा बांधायचा तर बांधा, गोळी तोडू नका. घरात कुणी खचलेलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

(पुढच्या आठवड्यात : प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज आणि त्यांचा ‘मानसायुर्वेद’)