उष्णतेत उलगडणारी घडी

डेअरीत दूध ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद तापवून पाश्चरित करतात. ते पुरेसे तापले की नाही, हे ठरवण्याची एक कसोटी आहे. दुधात मुळातच असलेले फॉस्फटेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, निकामी झाले असेल, तर दूध कसोटीस उतरले. पण उष्णतेने विकराचे नेमके काय बिघडते?

बहुतेक विकरे ही प्रथिने असतात. अमिनो आम्लांची लांब साखळी विशिष्ट घडी घालून बसते आणि त्या घडीवरच तिचे कार्य अवलंबून असते. उष्णतेने अणूंची धडपड वाढते, घडी उलगडते आणि काम थांबते. मात्र उलगड कोठून सुरू होते, हे सूक्ष्मदर्शकातून टिपता येत नाही. तेथे संगणक उपयोगी पडतो. प्रत्येक अणूवरील बल काढायचे, त्याला किंचित पुढे सरकवायचे आणि पुन्हा हिशेब मांडायचा. १९७७ मध्ये मार्टिन कारप्लस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान प्रथिनाच्या हालचालींचा असा हिशेब प्रथम मांडला. अशा प्रकारच्या संगणकीय कार्यासाठी २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल कारप्लस, मायकेल लेव्हिट आणि एरिए वॉर्शेल यांना मिळाले.

अडचण वेळेची आहे. संगणकाचे एक पाऊल साधारण दोन फेम्टोसेकंदांचे असते. एका सेकंदाच्या घटनेसाठी अशी ५०० लाख कोटी पावले टाकावी लागतील. म्हणून व्हॅलरी डॅगेट यांच्यासारख्या संशोधकांनी संगणकातील तापमान २२५ अंशांपर्यंत नेले. पेटीचे आकारमान स्थिर ठेवल्याने तेथे पाण्याची वाफ होत नाही. उलगड मात्र झपाट्याने होते.

मग शंका येते : घाईने मिळालेले उत्तर खरे मानावे काय? येथे ताळमेळ महत्त्वाचा ठरतो. बार्लीतील एका लहान प्रथिनावर डॅगेट यांच्या गटाने वेगवेगळ्या तापमानांना हिशेब केले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तापमान वाढल्याने उलगडण्याचा वेग वाढतो, मार्ग बदलत नाही. ॲलन फर्श्ट यांच्या प्रयोगशाळेतील निरीक्षणांशीही हे चित्र बरेचसे जुळले.

अर्थात एका प्रथिनाचा ताळा जुळला म्हणून सर्वांचा जुळेलच असे नाही. २२५ अंशांवरील वेगावरून ७२ अंशांवर किती वेळ लागेल, हेही थेट सांगता येत नाही. तरीही घडी प्रथम कोठे सैल होते, याचा सुगावा लागतो. गरम पाण्यात टिकणारे धुलाईच्या पावडरीतील विकर घडवायचे, तर तीच जागा बळकट करावी लागते. संगणक जागा सुचवतो. पारख अखेर प्रयोगशाळेतच होते.