शिबपूरची वनस्पतिबाग : कास्तकारानें काय पाहावें व कसें पाहावें

खरिपाची सुगी आटोपली कीं आमच्या वाचकांपैकीं कांहीं मंडळी काशी-गयेच्या यात्रेस निघतात, व पुष्कळ जण तसेच पुढें कोलकात्यासही जाऊन येतात. तेथें कालीमातेचें दर्शन होतें, हावड्याचा पूल पाहणें होतें, बाजारहाट होतो. परंतु त्याच हावड्यापासून दोन-अडीच कोसांवर, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, शिबपूर येथें जी वनस्पतिबाग आहे तिच्याकडे शेतकरी मनुष्य सहसा वळत नाहीं. वळलाच तर मोठा वड पाहून तासाभरांत परत फिरतो. हें आम्हांस अनिष्ट वाटतें. म्हणून या बागेस भेट देण्याचा बेत कसा आखावा, याविषयीं चार गोष्टी येथें सांगण्याचें योजिलें आहे.

ही बाग शोभेकरितां निर्माण झालेली नाहीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. सन १७७० च्या दुष्काळांत बंगालमध्यें लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं. पुढें १७८६ सालीं कर्नल रॉबर्ट किड यानें ईस्ट इंडिया कंपनीस लिहून कळविलें कीं, साबूदाण्याचा ताड, खजूर इत्यादि झाडें या देशांत वाढवून पाहावीं, म्हणजे दुष्काळांत लोकांस आधार होईल; आणि त्यासाठीं एक सरकारी बाग असावी. लगेच दुसऱ्या वर्षीं, १७८७ सालीं, बाग सुरू झाली. किडच्या मनांत आणखीही बेत होते. जायफळ, लवंग, दालचिनी, मिरीं हीं येथें पिकवावीं, व जहाजांसाठीं सागाचें लांकूड येथेंच तयार करावें, अशी त्याची उमेद होती.

हे बेत बहुतेक फसले, आणि आमच्या मतें कास्तकारानें या बागेंतून शिकण्यासारखें मुख्य प्रकरण हेंच आहे. मसाल्याच्या झाडांस विषुववृत्ताकडील बाराही महिने सारखी ओलसर ऊब लागते. बंगालचा कोरडा उन्हाळा व थंडी त्यांस मानवली नाहीं. सागाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. झाडें लागलीं, वाढलींही. पाहणारास वाटे कीं लागवड साधली. परंतु पुढें खोडें बुंध्याशीं पोकळ निघूं लागलीं, व लांकूड हलक्या प्रतीचें ठरलें. कारण गंगेच्या गाळाची जमीन सखल व ओलसर. पाणी थोड्याच खोलीवर. सागाच्या मुळांस पाण्याचा निचरा हवा. जो साग आमच्या चांदा-आलापल्लीच्या रानांत व मेळघाटांत कोणी न लावतां सरळ वाढतो, तो येथें तीस वर्षे सरकारी खर्चानें जोपासूनही साधला नाहीं. अखेर १८२० सालीं ती जागा बिशप कॉलेजास देण्यांत आली. चोपण किंवा पाणथळ शेतांत सागाचीं रोपें लावूं पाहणाऱ्या गृहस्थांनीं ही हकीकत मनांत ठेवावी.

महोगनीचें मात्र निराळें झालें. वेस्ट इंडीज बेटांतील हें झाड १७९५ सालीं या बागेंत आणलें गेलें व तें येथें चांगलें रुजलें. आज महोगनीचें नांव आमच्याकडे गांवोगांवीं ऐकूं येतें. रोपें विकणारे दारीं येतात, एकरीं लाखों रुपयांचीं गणितें कागदावर मांडून दाखवितात, व कांहीं तर लांकूड आम्हीच विकत घेऊं असा करारही करून देतात. आमच्या माहितीच्या एका बागाईतदारांनीं अशा करारावर चारशें रोपें लाविलीं. तीं जोमानें वाढलीं. तिसऱ्या वर्षीं ते शिबपुरास गेले तेव्हां आपल्या शेतांतील एक डहाळी वहींत दाबून घेऊन गेले होते. तेथील झाडाच्या पानाशीं ती ताडून पाहतात तों मेळच बसेना. त्यांच्या शेतांत होतें तें महोगनीच्याच कुळांतील पण निराळें आफ्रिकी झाड, ज्यास खाया म्हणतात. खायाचें लांकूडही उपयोगी आहे, निरुपयोगी नव्हे. परंतु ज्या भावाच्या आशेनें त्यांनीं विहिरीजवळची उत्तम जमीन गुंतविली, तो भाव दुसऱ्याच झाडाचा होता.

हीं दोन झाडें ओळखण्याच्या खुणा कठीण नाहींत. खऱ्या महोगनीची पर्णिका एका बाजूस झुकलेली, किंचित् कोयत्याच्या आकाराची असते, व तिच्या तळाशीं दोन्ही अंगें सारखीं नसतात. खायाची पर्णिका बरीचशी समतोल व लांबट-गोल असते. फळांत तर भेद अगदीं उघड आहे. महोगनीचें फळ अंडाकृति असून तें वाळल्यावर देठाकडून उकलतें, व बीजाला एकाच बाजूस लांब पंख असतो. खायाचें फळ चेंडूसारखें गोल, तें शेंड्याकडून उकलतें, व बीजाभोंवतीं पंखाची पातळ कडा सर्व बाजूंनीं असते. थंडीच्या अखेरीस गेल्यास महोगनीच्या झाडाखालीं उकललेलीं फळें पाहावयास सांपडण्याचा संभव असतो. तीं पाहावीं, हातीं घेऊन न्याहाळावीं, परंतु तेथेंच ठेवावीं. बागेंतून बीं-बियाणें किंवा फांदी आणणें हा अपराध आहे, व अशा आणलेल्या बियांचा भरंवसाही नसतो.

आतां बेताविषयीं. बाग सुमारे २७३ एकरांची आहे. एका दिवसांत सर्व पाहूं म्हणणाऱ्याचे पाय दुखतात व डोक्यांत कांहीं राहत नाहीं. दोन सकाळी राखून ठेवाव्या, व एका सकाळीं चार-पांच झाडांहून अधिक झाडांचें टांचण करूं नये. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा; पावसाळ्यांत वाटा चिखलाच्या होतात व डांसही फार. सोमवारीं बाग बंद असते. मुंबईहून नागपूरमार्गें हावड्यास थेट गाड्या आहेत, त्यामुळें विदर्भांतील मंडळींस ही यात्रा विशेष सोपी. आठ-दहा जणांची तुकडी असावी, व तींत निदान एकास लिहिण्याची हौस असावी. दोरी किंवा फीत बरोबर असल्यास बुंध्याचा घेर व दोन झाडांमधील अंतर मोजतां येतें. हीं अंतरें फार महत्त्वाचीं. रोपटें असतां दहा फुटांवर लाविलेलें झाड साठ वर्षांनीं किती जागा मागतें, हें पुस्तकांत वाचून पटत नाहीं.

मोठा वड पाहूं नका असें आमचें म्हणणें नाहीं. तो अडीचशे वर्षांहून जुना असून त्याच्या पारंब्या तीन हजारांहून अधिक आहेत. त्याच्या मूळ खोडास बुरशी लागल्यामुळें तें १९२५ सालीं कापून काढावें लागलें. तेव्हांपासून वड केवळ पारंब्यांवर उभा आहे. (बांधावर वड राखणाऱ्यानें त्याच्या सावलीखालीं किती एकर बुडतात याचा अदमास येथें घ्यावा.) सेशेल्स बेटांतील जोड-नारळ, एकासारखें दुसरें पान नसलेलें तें वेडें झाड, हीं कौतुकाचीं, त्यांत फार वेळ घालवूं नये.

त्यापेक्षां आपल्याच रानांतील ओळखीचीं झाडें तेथें शोधावीं. १७९३ पासून वीस वर्षे बागेचा कारभार पाहणारा विल्यम रॉक्सबर्ग यानें धावडा, अर्जुन, बिबळा, साळई इत्यादि झाडांचीं शास्त्रीय वर्णनें केलीं, व आजही त्यांच्या शास्त्रीय नांवांपुढें त्याच्या नांवाचें आखूड रूप लिहितात. पाट्यांवर तें दिसेल. बागेलगतच्या सरकारी संग्रहालयांत वाळवून ठेवलेले सुमारे वीस लक्ष नमुने आहेत. तें पाहावयाचें असल्यास आगाऊ पत्र पाठवून परवानगी मागावी.

एक गोष्ट मात्र आधींच सांगून ठेवितों. १८६४ व १८६७ सालच्या वादळांनीं ही बाग जवळजवळ उघडी केली होती. १८७१ पासून जॉर्ज किंग यानें तळीं खणून, त्या मातीनें सखल भाग उंचावून ती पुन्हां उभी केली. २०२० च्या मे महिन्यांतील अम्फान वादळांत पुन्हां शेंकडों झाडें उन्मळलीं, व वडाचेंही नुकसान झालें. म्हणून जुन्या पुस्तकांतील नकाशा घेऊन गेल्यास नेमकें इच्छिलेलें झाड जागेवर न सांपडण्याचा संभव आहे. अशा वेळीं तेथील माळ्यांस विचारावें. कोणतें झाड वादळांत मुळासकट पडलें, कोणतें फांद्या टाकून उभें राहिलें, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. आणि घराच्या किंवा गोठ्याच्या वाऱ्याकडील बाजूस कोणतें झाड लावावें हें ठरविण्यास ती माहिती पाटीवरील नांवापेक्षां अधिक कामाची. बंगाली येत नसल्यास हिंदींत विचारावें, व उत्तर तेथल्या तेथें टिपून घ्यावें.