मेरुरज्जूची इजा व चेतातंतूंचे पुनर्जनन : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि 2002 मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग हे दोन्ही खालापूर तालुक्यातून बोरघाट चढतात. 15 एप्रिल 2023 रोजी पहाटे खोपोलीजवळ शिंगरोबा मंदिर परिसरात खासगी बस दरीत कोसळून 13 जण मृत्युमुखी पडले. शेजारच्या कर्जत तालुक्यातही डोंगराळ वाड्यावस्त्यांवरील लोकांचा कडेकपारीशी रोजचा संबंध येतो. वाहन-अपघात व उंचावरून पडणे ही भारतातील मेरुरज्जूच्या इजेची प्रमुख कारणे होत. म्हणूनच तुटलेले चेतातंतू पुन्हा वाढविता येतील काय, हा प्रश्न या परिसराच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

पुनर्जननातील अडथळे :
हातापायांतील चेतातंतू तुटल्यास ते दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वेगाने पुन्हा वाढू शकतात. मेरुरज्जूत मात्र असे घडत नाही. इजेच्या जागी तयार होणाऱ्या व्रणातील काही रेणू आणि मायलिन आवरणातील 'नोगो' हे प्रथिन वाढीस अटकाव करते. शिवाय प्रौढ चेतापेशींची मूळची वाढक्षमताही घटलेली असते. तथापि ही क्षमता पूर्णतः नष्ट होत नाही. 1981 मध्ये डेव्हिड व अग्वायो यांनी प्रौढ उंदरांच्या मेरुरज्जूला परिघीय चेतेचा सेतू जोडला असता तंतू त्यातून सुमारे 3 सेंटिमीटरपर्यंत वाढले. परिस्थिती अनुकूल केल्यास वाढ शक्य आहे, हे यावरून सिद्ध झाले.

संशोधनाची सद्यःस्थिती :
2002 मध्ये व्रणातील अडथळा विरघळविणाऱ्या कॉन्ड्रॉइटिनेज या विकराचा उंदरांवर उपयोग झाला. 'नोगो'विरोधी प्रतिपिंडाच्या मानवी चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत एकूण रुग्णगटात निर्णायक लाभ दिसला नाही. अपूर्ण इजा असलेल्या रुग्णांत मात्र सुधारणेचे संकेत आढळले. मूलपेशींविषयी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा विकारांत त्यांचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. सबब मोठे शुल्क घेऊन दिल्या जाणाऱ्या 'हमखास' उपचारासाठी जमीन विकणाऱ्या कुटुंबाची फसवणूकच होण्याची शक्यता अधिक असते.

स्थानिक उपाययोजना :
पहिल्या आघातानंतर सूज, रक्तपुरवठ्यातील घट व दाह यांमुळे पुढील काही तास व दिवस इजा वाढत जाते. शिल्लक राहिलेले तंतू वाचविणे हे नवे तंतू वाढविण्यापेक्षा आज अधिक साध्य आहे. मेरुरज्जूवरील दाब 24 तासांच्या आत शस्त्रक्रियेने दूर केल्यास परिणाम अधिक चांगले मिळतात, असे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात दिसून आले. मात्र अपघातस्थळी जखमीला हातपाय धरून उचलल्यास अस्थिर मणका सरकून अपूर्ण इजा पूर्ण होऊ शकते. आग वा तत्सम धोका नसल्यास जखमीला हलवू नये. श्वास व रक्तस्राव यांकडे प्रथम लक्ष द्यावे. डोके, मान व धड एका रेषेत ठेवून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. त्यानंतरचे पुनर्वसनही तितकेच आवश्यक असते. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 पासून हे कार्य करीत आहे.

निष्कर्ष :
चेतातंतूंचे पुनर्जनन तत्त्वतः शक्य असले तरी ते अद्याप सिद्ध उपचाराच्या पातळीवर पोहोचलेले नाही. भविष्यात असा उपचार उपलब्ध झाला, तरी शाबूत राहिलेल्या तंतूंवरच त्याची मदार राहील. त्यामुळे घाटालगतच्या महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून विद्यार्थ्यांना जखमी हाताळण्याचे प्रशिक्षण देणे, ही या क्षेत्रातील सर्वांत व्यवहार्य अशी पहिली पायरी होय.