वीज काढून घेतलेले पाणी

भोर-वेल्ह्याच्या मुलुखात धरणाचा विषय निघाला की कोणी ना कोणी वयोवृद्ध खातेदार गंभीरपणे सांगतोच, की वीज काढून घेतलेल्या पाण्यात दम उरत नाही, ते पिकाला लागत नाही. आणि ज्या मुलुखाने भाटघरचे धरण 1928 सालापासून डोळ्यांसमोर पाहिले, तेथील शिकल्यासवरल्या माणसांनीही या विधानास मान डोलवावी, याचा मला दर वेळी नव्याने खेद होतो.

या समजुतीच्या मुळाशी ताकाची उपमा आहे. दुधातून लोणी काढले की मागे निःसत्त्व ताक उरते, तशी वीज पाण्यात विरघळलेली असून यंत्र ती घुसळून काढते, असे धरून चालतात. वस्तुतः भिंतीमागे तुंबलेल्या पाण्यापाशी संचित असते ते केवळ उंचीचे. सूर्याच्या उष्णतेने समुद्रावरून उचलले गेलेले आणि सह्याद्रीच्या माथ्यावर बरसलेले पाणी पायथ्यापेक्षा उंच जागी अडले, एवढ्याच कारणाने पृथ्वीच्या आकर्षणाविरुद्ध झालेल्या कार्याचा काही भाग स्थितिज ऊर्जेच्या रूपाने शिल्लक राहतो. ही शिल्लक टर्बाइनवर खर्ची पडते, पाण्याचे रेणू अन् पाण्यातील क्षार जसेच्या तसे पुढे जातात.

हिशेबच मांडू. 1000 लिटर पाणी 40 मीटर खाली आले तर सुमारे 3,92,000 ज्यूल ऊर्जा मिळते. विजेचे एक युनिट 36 लाख ज्यूलचे, म्हणजे कसलीही घट न धरता एका युनिटला नऊ हजारांहून अधिक लिटर पाणी लागते. हेच पाणी टर्बाइन टाळून दरवाजांवरून कोसळू दिले, तरी ती ऊर्जा 'सत्त्व' म्हणून पाण्यात राहत नाही. फेस, गर्जना आणि उष्णता यांत ती विरते, आणि सारीच्या सारी उष्णता झाली तरी पाणी जेमतेम अंशाच्या दहाव्या हिश्श्याने तापते. पिकाचे हिरावले गेले म्हणतात ते एवढेच! भाटघरचे 16 मेगावॉटचे वीजगृह चार दशकांहून अधिक काळ चालू आहे, आणि तेथून नीरा नदीत उतरणाऱ्या त्याच पाण्यावर बारामती-फलटणचा ऊस उभा आहे. तक्रारीत तथ्यांश असलाच तर तो गाळाचा: सुपीक गाळ जलाशयात बसतो खरा, परंतु तो भिंतीमुळे बसतो, वीजगृह असो वा नसो.

निश्चल पाण्यात कसली आली शक्ती, असेही कोणी विचारतात. 12 जुलै 1961 रोजी वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासला फोडले आणि पुणे बुडवले. ती सारी ऊर्जा आदल्या दिवशी निपचित दिसणाऱ्या त्याच पाण्यात होती.

विजेची गोष्टही याच जातीची आहे. परस्परांना ओढणारे धन व ऋण प्रभार बळाने विलग करताना जे कार्य घडते, ते विद्युत स्थितिज ऊर्जा म्हणून साठते; व्होल्ट म्हणजे दर कूलोम प्रभारामागे मिळणारे ज्यूल. दिव्यात 'वीज संपते' असे आपण म्हणतो, तेव्हाही जेवढा प्रभार आत शिरतो तेवढाच बाहेर पडतो. टर्बाइनखालच्या पाण्याप्रमाणे तो उतरलेला असतो, नाहीसा झालेला नसतो.

साठवणीबाबतही असाच घोळ होतो. बॅटरीत वीज भरलेली नसते, रासायनिक ऊर्जा असते. घाटघरसारख्या 250 मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पात पाणी पुन्हा वर चढवतात, म्हणून तेथे फुकट वीज निपजते असे नव्हे. चढवायला लागते त्याहून कमीच परत येते, मिळते ती हवी त्या वेळी.

बटण बंद केले की धोका संपला, ही समजूत मात्र जिवावर बेतणारी आहे. पंपाच्या पेटीतील कपॅसिटरमध्ये, पुरवठा तुटल्यावरही, त्याच्या दोन पट्ट्यांमधील विद्युत क्षेत्रात ऊर्जा तुंबलेली राहू शकते, भिंतीमागच्या पाण्यासारखीच. म्हणून जाणत्या वायरमनने तो प्रभार उतरवून खात्री करून दिल्याखेरीज त्या पेटीत हात घालू नये.