फणसाच्या फळ्या आणि बाबांचा देव्हारा

फोंड्याला आमच्या घरामागे आजोबांनी लावलेला फणस होता. गेल्या वर्षी पावसात तो उन्मळून पडला. त्याच लाकडाचा देव्हारा यंदाच्या चतुर्थीपर्यंत व्हावा, अशी बाबांची इच्छा. दिवाळीनंतर दोन इंची फळ्या कापून, मध्ये पट्ट्या घालून पडवीत रचल्या. बाबांची तब्येत नाजूक, म्हणून घाई मलाच जास्त होती.

मे महिन्यात मेस्तांना बोलावलं. फळी उचलून ते म्हणाले, “ओली आहे अजून. आता केलंस तर पुढे सांधे उघडतील.”

मी पडलो सॉफ्टवेअरवाला; आकडा दिसल्याशिवाय पटेना. ऑनलाइन मीटर मागवला. त्याच्या दोन सुया लाकडात टोचायच्या. ओल्या लाकडातून वीज सहज जाते, कोरडं लाकूड तिला अडवतं. त्यावरून मीटर ओलावा सांगतो. आकडा आला 15 टक्के. मी खूश!

मेस्तांनी फळी मधोमध कापली. “आता इथे टोच बघू.” आकडा 25! वरचा थर सुकला होता, गाभा नाही.

तरीही खात्री करायची म्हणून प्रयोगशाळेतली पद्धत घरच्या ओव्हनमध्ये करून पाहिली. तुकडा साधारण 103 अंश सेल्सिअसला, वजन घटायचं थांबेपर्यंत तापवायचा. 252 ग्रॅमचा तुकडा 201 वर थांबला. गेलेलं पाणी 51 ग्रॅम. त्याला सुक्या वजनाने भागायचं. उत्तर सुमारे 25 टक्के. सुक्या वजनाने भागत असल्यामुळे ताज्या लाकडाचा ओलावा कधीकधी शंभराच्या वरही जातो!

ओलावा साधारण 30 टक्क्यांखाली उतरला की लाकूड आकसू लागतं. हवेतली आर्द्रता 85 टक्के असेल तर लाकूड 18 च्या आसपास स्थिरावतं, 65 असेल तर 12 च्या. पावसाळ्यात आपली दारं अडकतात ती यामुळेच. म्हणून मंडळी, जुलैत दाराला रंधा मारू नका. उन्हाळ्यात फट पडेल.

बाबांना सगळं सांगताना जड गेलं. ते एवढंच म्हणाले, “मग पुढच्या चतुर्थीला करू. आकडा मात्र मला दाखवत जा.”

आता दर महिन्याला एक तुकडा कापतो, आकडा पेन्सिलीने त्यावरच लिहितो. बाबा चष्मा लावून वाचतात. परवाचा आकडा होता 19.